दप्तर उघडायला हरकत नाही, पण कारण सांगा : शाळेतली झडती आणि मुलांचा खासगीपणा

प्रश्न : जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात चाकू निघाला. त्यानंतर पालक-शिक्षक संघाने ठराव केला : दर सोमवारी पाचवी ते दहावीच्या सर्व मुलांची दप्तरे तपासावीत, गरज पडल्यास अंगझडती घ्यावी आणि मोबाइल सापडल्यास त्यातले मेसेज व फोटो पाहून पालकांना कळवावे. काही शिक्षक म्हणतात, असे केले तर पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागेल. काही म्हणतात, शाळेला पालकांइतकाच अधिकार असतो. नेमके काय धरायचे?

उत्तर :

बाई, तुमच्या ठरावाने तीन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबल्या आहेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. दप्तर पाहणे ही एक गोष्ट. ती काही अटींवर करता येते. मुलाच्या अंगाला हात लावून झडती घेणे ही दुसरी. ती शाळेने करायचीच नाही, कुठल्याही कारणाने नाही. मोबाइल ही तिसरी. तो काढून घेता येतो, उघडून पाहता येत नाही.

पालक घाबरले आहेत, यात वावगे काही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये उदयपूरमध्ये दहावीतल्या मुलाला वर्गमित्राने भोसकले आणि तो दगावला. वर्षभराने अहमदाबादमध्ये तसेच घडले. पुण्यात अल्पवयीन मुलांच्या हातातल्या कोयत्यांच्या बातम्या आपण वाचतोच. एके काळी आपल्याकडे दप्तर तपासायचे म्हणजे काट्यावर ठेवून वजन करायचे. २०१५ च्या शासन निर्णयानंतर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड दप्तर असले की मुख्याध्यापकांना उत्तर द्यावे लागे. आता त्याच दप्तरात शस्त्र शोधायची पाळी आली आहे. तेव्हा ‘खासगीपणाचा हक्क’ एवढे बोलून मी तुम्हाला हात झटकून परत पाठवणार नाही. चाकूचे काहीतरी करावेच लागेल.

आधी अधिकार कुठून येतो ते पाहू. शाळेतल्या झडतीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. पालक मूल शाळेच्या ताब्यात देतात, म्हणून त्या वेळेपुरती शाळा पालकाच्या जागी असते, हे तत्त्व न्यायालये मानत आली आहेत. पण ते मुलाच्या काळजीसाठी आहे, मुलावर पोलीस होण्यासाठी नाही. शिवाय त्याला सीमा आहेत. पालकांच्या संमतीने मुलाच्या भल्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देणारे भारतीय न्याय संहितेचे कलम २७ फक्त बारा वर्षांखालच्या मुलांपुरते आहे. तुमचा नववीतला मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असेल. म्हणजे ‘पालकांनीच ठराव केला आहे’ ही ढाल तुम्हाला वाटते तितकी जाड नाही.

दुसऱ्या बाजूला २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात कुठेही ‘अठरा वर्षांवरील’ असा शब्द नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३ मध्ये तर मुलाची प्रतिष्ठा आणि खासगीपणा ही तत्त्वे म्हणूनच लिहिलेली आहेत. तुमची शाळा अनुदानित असल्याने घटनेचे बंधन तुमच्यापर्यंत पोहोचतेच. पण खासगी शाळांनीही निश्चिंत राहू नये. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने बहुमताने म्हटले आहे की घटनेच्या कलम १९ आणि २१ मधले हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात.

पुट्टस्वामीने दिलेली कसोटी वकिली भाषेत लांबलचक आहे, मुख्याध्यापकांच्या कार्यालयात ती अशी वाचावी : हे करायला मला कुठल्या नियमाचा आधार आहे, माझा हेतू योग्य आहे का, आणि हेतूच्या मानाने मी जास्त तर करत नाही ना. पहिल्या दोन प्रश्नांना बहुतेक शाळा बरे उत्तर देतात. प्रकरणे हातातून जातात ती तिसऱ्यावर. पन्नास रुपये हरवले म्हणून चाळीस मुलांचे खिसे उलटे करणे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

ही तिसरी कसोटी झडतीला लावून कशी दिसते हे समजायला अमेरिकेतले दोन निकाल उपयोगी आहेत. ते आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादात आपणही ते पुढे ठेवतो. न्यू जर्सीतल्या एका शाळेत १९८० साली चौदा वर्षांची एक मुलगी स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना पकडली गेली. ती नाही म्हणाली. उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स उघडली. सिगारेटचे पाकीट निघाले, शेजारी सिगारेट वळायचे कागद दिसले, म्हणून आणखी खोल पाहिले तर गांजा, पैसे, आणि कोणाकडून किती येणे आहे अशी मुलांची यादी. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झडती वैध ठरवली. शाळेला वॉरंट लागत नाही, पोलिसांइतका भक्कम पुरावाही लागत नाही. मात्र सुरुवातीला रास्त संशय हवा, आणि झडतीचा पसारा त्या संशयापुरताच हवा, मुलाचे वय आणि गोष्टीचे गांभीर्य पाहून. त्या पर्समधली पत्रेही वाचली गेली होती. निकाल काहीही असो, मला ती पायरी आजही पटत नाही.

दुसरा निकाल त्याच न्यायालयाचा, २००९ चा, ॲरिझोनातल्या शाळेबद्दलचा. तेरा वर्षांच्या मुलीकडे गोळ्या आहेत असे दुसऱ्या मुलीने सांगितले. गोळ्या कसल्या, तर ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, आपल्याकडे अंगदुखीला सर्रास घेतात त्या. दप्तर पाहिले, काही नाही. मग परिचारिकेसमोर कपडे उतरवायला लावले, अंतर्वस्त्रे बाजूला करून दाखवायला लावली. काही नाही. न्यायालयाने दप्तर पाहणे योग्य ठरवले आणि पुढचे घटनाबाह्य. संशय तोच, मुलगी तीच, मिनिटांचे अंतर. दप्तर आणि शरीर यांच्या मध्ये रेघ आहे, आणि ती ओलांडायला दप्तरापुरता संशय पुरत नाही, एवढे त्यातून घ्या.

आपल्याकडे ही रेघ पुन्हा पुन्हा ओलांडली जाते. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात दोन हजार रुपये हरवले म्हणून आठवीतल्या मुलीची कपडे काढून झडती घेतल्याचा आरोप झाला; त्या मुलीने आत्महत्या केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंदूरच्या सरकारी शाळेत वर्गात मोबाइल वाजला म्हणून काही मुलींचे कपडे उतरवल्याची तक्रार झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२५ मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यात शहापूरला स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना सभागृहात बोलावले, डागांचे फोटो पडद्यावर दाखवले आणि कोणाची पाळी सुरू आहे हे ‘तपासले’, असा गुन्हा नोंदला गेला. मुख्याध्यापिकेला अटक झाली, पॉक्सो लागला. या तिन्ही ठिकाणी कोणाच्या जिवाला धोका नव्हता. पैसे, मोबाइल आणि फरशीवरचे डाग. शस्त्र नव्हते.

तुमच्या शिक्षकांपैकी कोणीतरी नक्की म्हणेल, ‘मुलींची झडती बाईंनी घेतली तर काय हरकत?’ हा गैरसमज फार खोल आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी, हा नियम फौजदारी प्रक्रियेत आणि अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५० मध्ये आहे खरा, पण तो ज्यांना कायद्याने झडतीचा अधिकार दिला आहे अशा अधिकाऱ्यांसाठी. शिक्षक त्या यादीत नाहीत, पुरुष असोत वा स्त्री. उलट भारतीय न्याय संहितेच्या कलम ७६ ने आता बाईंची पळवाटही बंद केली आहे. जुन्या दंड संहितेच्या ३५४-ब मध्ये स्त्रीला विवस्त्र करण्याचा गुन्हा फक्त पुरुषाचा होता. नव्या कलमात ‘जो कोणी’ असा शब्द आहे, आणि किमान शिक्षा तीन वर्षे आहे. लैंगिक हेतू सिद्ध झाला नाही, म्हणून पॉक्सो लागला नाही, तरी बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ उरतेच : ज्यांच्यावर मूल सोपवले आहे त्यांनी केलेली क्रूरता, ज्यात विनाकारण दिलेला मानसिक त्रासही येतो. मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेतल्या माणसाकडून ते घडले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. आणि मुलग्यांचे काय? त्यांना ‘काढ शर्ट’ म्हणताना कोणाचीही जीभ अडखळत नाही. पॉक्सो आणि कलम ७५ दोन्ही मुलगा-मुलगी भेद करत नाहीत.

म्हणून ठरावातले ‘गरज पडल्यास अंगझडती’ हे शब्द आजच खोडून टाका. मुलाच्या अंगावर शस्त्र आहे असा खरोखर संशय असेल तर त्याला इतर मुलांपासून वेगळे बसवा, दोन मोठी माणसे सोबत ठेवा, खिशातले स्वतःहून काढून ठेवायला सांगा, पालकांना आणि पोलीस ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला (मुलांच्या प्रकरणांसाठी नेमलेला अधिकारी) फोन करा. तो न बधला तर थांबा. हात घालण्याचे काम तुमचे नाही. तो कोणावर धावून गेला तर त्याला आवरणे ही वेगळी बाब आहे. तिथे बचावाचा हक्क आहे आणि कोणीही तुम्हाला दोष देणार नाही.

आता दप्तरे. सोमवारची सरसकट तपासणी मला दोन कारणांनी पटत नाही. एक अगदी व्यवहारी : ज्याला चाकू आणायचा आहे तो मंगळवारी आणेल. दुसरे कारण बंगळुरूने नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखवून दिले. तिथल्या शाळांनी मोबाइल शोधायला मुलांची दप्तरे उघडली आणि मोबाइलबरोबर सिगारेटी, लायटर, गर्भनिरोधक गोळ्या, कंडोम निघाले. चार दिवस देशभर त्याच्या बातम्या चालल्या. शोधायला गेले एक, सापडले भलतेच, आणि त्या भलत्याचे काय करायचे हे कोणीच आधी ठरवलेले नव्हते. सगळ्यांची दप्तरे उघडणार असाल तर काय दिसले तरी पाहायचे नाही, हे आधी ठरवावे लागते. सॅनिटरी पॅड, औषधे, डायरी, कोणाची चिठ्ठी, घरून आणलेला डबा. शेवटचे मी मुद्दाम लिहिते आहे. डब्यात काय आहे यावरून मुलांना बोलणारे शिक्षक आहेत, आणि सगळ्या वर्गासमोर डबा उघडला जाण्याची भीती काही मुलांना चाकूपेक्षा मोठी असते.

शस्त्रासाठी सर्वांना सारखी लागू होणारी तपासणी करायचीच असेल तर दारात हातातले धातुशोधक यंत्र चालवा, तेही दप्तराच्या बाहेरून. वाजले तर मुलाने स्वतः दप्तर उघडून दाखवावे. कंपासपेटी आणि पाण्याच्या बाटलीपायी ते दिवसाला शंभरदा वाजेल आणि पंधरा दिवसांत शिपाई कंटाळेल, हे मात्र गृहीत धरा. उदयपूरनंतर राजस्थानात शाळेत धारदार वस्तू आणायलाच मनाई केली गेली. तशी स्पष्ट यादी तुमच्या शिस्तनियमांत असणे जास्त कामाचे, कारण मग ‘कार्यानुभवासाठी कटर आणला होता’ हा वाद उरत नाही.

एरवी दप्तर उघडायचे ते ठरावीक मुलाचे, ठरावीक कारणाने. इथे एक गोष्ट मला कायद्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. वर्गात काही हरवले की पहिले दप्तर कोणाचे उघडले जाते, हे कधी पाहिले आहे? माझ्याकडे आलेल्या पालकांत पारधी वस्तीतले, ऊसतोड मजुरांचे, बालगृहातून शाळेत येणाऱ्या मुलांसाठी धावणारे लोक जास्त असतात. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले होते. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण वर्गातल्या नजरेतून पुरता गेलेला नाही. ‘मला संशय आला’ हे कारण होत नाही. कोणी काय पाहिले, कधी पाहिले, हे दोन ओळींत लिहिता आले तरच तो संशय. लिहिता येत नसेल तर दप्तर उघडू नका. एवढा एक नियम पाळला तर निम्म्या झडत्या आपोआप बंद होतात, असा माझा अनुभव आहे.

कारण लिहून झाल्यावर बाकीची रीत सोपी आहे. वर्गात नाही, वेगळ्या खोलीत. दार लोटलेले, पण कडी लावलेली नाही. दोन शिक्षक, त्यातला एक शक्यतो मुलाच्या विश्वासातला. आधी विचारा, मग पाहा; अनेक मुले विचारल्यावरच देऊन टाकतात. दप्तर मुलाने स्वतः रिकामे करावे. शोधत आहात तो चाकू असेल तर वही चाळण्याचे कारण नाही. फोटो नाहीत, व्हिडिओ नाहीत. त्याच दिवशी पालकांना सांगा, काही सापडले नसले तरी. आणि सापडले नाही तर त्या मुलाला ‘काही निघाले नाही’ हे ज्यांच्यासमोर उठवून नेले त्यांच्यासमोर सांगा. ही पायरी जवळपास प्रत्येक शाळा विसरते.

मोबाइलबद्दल. शाळेत आणायला बंदी घालणे, सकाळी जमा करून घेणे, सापडल्यास दिवसापुरता ठेवून पालकांकडे देणे, हे सर्व चालते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या सुरुवातीला सरसकट बंदीपेक्षा नियमन बरे असे म्हणत शक्य तिथे फोन जमा करून घेण्याची दिशा दाखवली. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फहीमा शिरीन प्रकरणात वसतिगृहात संध्याकाळी फोन जमा करण्याची सक्ती मोडून काढली आणि इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काशी जोडला. ती मुलगी महाविद्यालयीन होती, म्हणून शाळेला तो निकाल जसाच्या तसा लागत नाही, पण न्यायालयांचा कल कळतो. फोनचा पासवर्ड मागायचा नाही. मेसेज वाचायचे नाहीत.

यातला एक धोका शिक्षकांना माहीतच नसतो. मुलामुलींचे नग्न फोटो फिरत आहेत अशी कुणकुण लागते, शिक्षक फोन उघडतात, फोटो बघतात, ‘पुरावा’ म्हणून स्वतःच्या फोनवर घेतात आणि स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. अठरा वर्षांखालच्या मुलाचे असे चित्र पुढे पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे, जवळ साठवण्याबद्दल पॉक्सोचे कलम १५ आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम किती कडक वाचायचे हे सांगून टाकले आहे. असा संशय असेल तर फोन बंद करून पाकिटात ठेवा, मुलाला धीर द्या, आणि पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवा. कळवणे ऐच्छिक नाही. संस्थाप्रमुखाने टाळले तर शिक्षा आहे.

सापडल्यावर काय, हा तुमच्या ठरावात नसलेला प्रश्न. चाकू निघाला म्हणजे मूल गुन्हेगार झाले असे नाही. धाकापोटी, बढाईपोटी, वाटेत कोणी मारते म्हणून आणलेले चाकू मी पाहिले आहेत. धमकी किंवा हल्ल्याचा भाग असेल तर पोलिसांना कळवाच. पण बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला, आणि साध्या वेशात येण्याची आठवण करून. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावे लागते. त्याचे नाव कुठेही जाता कामा नये. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. तंबाखू किंवा गुटख्याची पुडी निघाली तर मुलाला उन्हात उभे करण्यापेक्षा ती कुठल्या टपरीवरून आली ते शोधा. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, गुटखा तर राज्यात २०१२ पासूनच बंद. मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शाळा सोडल्याचा दाखला हातात देऊन मोकळे व्हायचा मोह होईल. आठवीपर्यंत मुलाला काढून टाकायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ ची मनाई आहे, आणि नववीच्या मुलाला काढले तर चाकू गावातच राहतो, फक्त त्याच्यावर लक्ष ठेवणारे कोणी उरत नाही.

सीसीटीव्हीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी एक ओळ : बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने कॅमेरे सक्तीचे केले आहेत, ते दार आणि जिन्यांवर असू द्या, स्वच्छतागृहाच्या आत नकोत, आणि चित्रण कोण पाहू शकतो त्या दोन-तीन जणांची नावे लिहून ठेवा.

राहिला ठराव. पुढच्या बैठकीत तो बदलून घ्या. मजकूर साधारण असा ठेवता येईल : “शाळेत धारदार वस्तू, तंबाखूजन्य व अमली पदार्थ आणण्यास मनाई आहे. एखाद्या विद्यार्थ्याकडे अशी वस्तू असल्याचे ठोस कारण असल्यास ते लेखी नोंदवून मुख्याध्यापक दोन शिक्षकांसमक्ष त्या विद्यार्थ्याला स्वतःचे दप्तर उघडून दाखवण्यास सांगतील. कोणाही विद्यार्थ्याची अंगझडती घेतली जाणार नाही. मोबाइल जमा केल्यास तो न उघडता पालकांकडे दिला जाईल. प्रत्येक प्रसंगाची माहिती त्याच दिवशी पालकांना दिली जाईल. या नियमाविरुद्ध वागणूक झाल्यास विद्यार्थी शाळेतल्या सखी सावित्री समितीकडे, बाल कल्याण समितीकडे किंवा १०९८ या क्रमांकावर तक्रार करू शकतील.” शेवटचे वाक्य गाळा असे संस्थेचे पदाधिकारी म्हणतील. गाळू नका. ठराव शाळेच्या दैनंदिनीत छापा आणि वर्षाच्या सुरुवातीला वर्गावर्गात वाचून दाखवा. शिक्षकांच्या खोलीतही एक प्रत लावा.